तेच अँपिअर, वेगळं व्होल्टेज

शाळेच्या तांत्रिक विभागातून बाहेर पडल्यावर माझी सगळी नोकरी जनित्रांच्या सोबतीत गेली. त्याचा पाया घातला आमच्या इलेक्ट्रिकलच्या सरांनी. थ्री-फेज अल्टरनेटर, म्हणजे एसी वीज देणारं जनित्र, शिकवताना वेग आणि फील्ड करंट (यंत्रातलं चुंबकक्षेत्र उभं करणारा करंट) या दोन गोष्टींची ते कधी गल्लत होऊ देत नसत. चार पोलचं यंत्र मिनिटाला १५०० फेरे फिरलं की ५० हर्ट्झ मिळणार. तो वेग सांभाळणं गव्हर्नरचं, म्हणजे वेगनियंत्रकाचं काम. व्होल्टेज सांभाळायचं ते रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या भागाच्या, फील्डमधला डीसी करंट कमीजास्त करून. वेग वाढवला तरी व्होल्टेज चढतं, पण फ्रिक्वेन्सीही चढते, म्हणून तो उपाय नव्हेच.

फील्ड उघडं ठेवून यंत्र फिरवलं तरी मीटरचा काटा जरासा हलायचा. रोटरच्या लोखंडात उरलेल्या चुंबकत्वाचे ते व्होल्ट! सेल्फ-एक्सायटेड, म्हणजे स्वतःच्याच विजेवर फील्ड चालवणारं यंत्र तेवढ्यावरच उभं राहतं. ते चुंबकत्व गेलं, तर पोलॅरिटी बघून बॅटरीने क्षणभर फील्डला करंट द्यायचा, म्हणजे फील्ड फ्लॅश करायचं.

माझ्या मनात खरा ठसला तो लोडचा प्रयोग. सर आधी दिव्यांचा लोड देत, मग चोक कॉइलचा, मग कपॅसिटरचा. अँपिअर तेच, फील्डला हात लावायचा नाही. दिव्यांवर व्होल्टेज थोडं उतरे, चोकवर चांगलंच बसे आणि कपॅसिटरवर चक्क नो-लोडच्याही वर जाई. चोकच्या लॅगिंग (व्होल्टेजच्या मागे राहणाऱ्या) करंटचं चुंबकक्षेत्र मुख्य फील्डला विरोध करतं, कपॅसिटरच्या लीडिंग (पुढे धावणाऱ्या) करंटचं मदत करतं. आर्मेचर रिअॅक्शन, म्हणजे लोडच्या करंटचा मुख्य फील्डवरचा परिणाम, मला त्या तासाला कळली, आकृत्या पाठ करून कळली नसती. हा प्रयोग प्रत्येक मुलाने स्वतः करावा, असं मला फार वाटतं.

पुढे ब्रशलेस यंत्रं हाताळली. त्यांत एक्सायटरचं (फील्डला वीज पुरवणाऱ्या छोट्या जनित्राचं) आर्मेचर, म्हणजे वीज तयार होणारं वेटोळं, शाफ्टवरच फिरतं, सोबत फिरणारे डायोड त्याच्या एसीचं डीसी करून मुख्य फील्डला देतात. एव्हीआर, म्हणजे आपोआप चालणारा व्होल्टेज रेग्युलेटर, आउटपुटवर नजर ठेवून एक्सायटरचं फील्ड बदलत राहतो.

मोठ्या ग्रिडला समांतर जोडल्यावर चित्र पालटतं. तिथे व्होल्टेज ग्रिडच धरून ठेवतो; एक्सायटेशन, म्हणजे फील्डचा करंट, वाढवलं की केव्हीएआर (रिअॅक्टिव्ह पॉवर, जी प्रत्यक्ष काम करत नाही) वाढतात, किलोवॉट वाढवायचे ते गव्हर्नरनेच. एक्सायटेशन फार उतरवलं तर रोटरची ग्रिडशी असलेली चुंबकीय पकड सुटून पोल स्लिप होतो, म्हणजे रोटर ग्रिडच्या तालातून निसटतो. म्हणूनच एक्सायटेशनला खालची मर्यादा लावलेली असते, आणि ती कोणी बंद करून ठेवलेली मी आजही खपवून घेत नाही.