बाई, आणि आमच्यावर झालेला अन्याय

आपल्या शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण नुसतं "बाई" म्हटलं की कोण ते सगळ्यांना कळायचं. इतिहास-भूगोल शिकवायच्या त्या. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, त्यांनाच ते कुठे छापलेलं आवडायचं नाही, आणि आमच्या १९८६ च्या बॅचला तर नावाची गरजच नाही. स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा बाईंवर लिहायला आधीच दोघं तयार होते, मी भांडून हे पान मिळवलंय, तेव्हा जरा लांबलं तर संपादकांनी कात्री जपून चालवावी.

नववीत बाईंनी पहिल्याच तासाला विचारलं की त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटरवर, मग आपली गंगा, म्हणजे नाशिककरांची गोदावरी, एवढा जवळचा समुद्र सोडून तब्बल १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला का जाते? रोज रामकुंडावरून येणारी-जाणारी आम्ही पोरं, पण हा प्रश्न कुणाच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. एकजण गौतम ऋषींची गोष्ट सांगायला लागला तर बाई म्हणाल्या, "छान आहे, पण ती घरी आजीला सांग, पेपरात नको." उत्तर मात्र दिलं नाही. आठवडाभर आम्ही घरच्यांना, शेजाऱ्यांना पिडलं. मग एक दिवस बाई घरून चक्क जेवायचा पाट घेऊन आल्या, एका बाजूखाली पुस्तकं ठेवून तो तिरका केला आणि उंच कडेला तांब्यातलं पाणी ओतलं. सह्याद्री पश्चिमेला कड्यासारखा तुटलाय आणि अलीकडचं पठार पूर्वेला हळूहळू उतरत जातं, म्हणून ब्रह्मगिरीच्या ह्या अंगाला पडलेलं पाणी पूर्वेकडेच जाणार, हे तेव्हा जे डोक्यात बसलं ते बसलंच. पाणी पुढच्या बाकावरच्या वह्यांवर गेलं, आणि ज्यांच्या वह्या भिजल्या त्यांनी त्या पुन्हा लिहून काढायच्या असं वर ठरलं. अपील नाही.

नकाशाच्या बाबतीत तर दयामायाच नव्हती. गोदावरीचा उगम दाखवताना टिंब सिन्नरकडे सरकलं की पान फाटलं म्हणून समजा. रंग रेघेबाहेर गेला तरी तेच. माझ्या नकाशावहीत शेवटी पानांपेक्षा कव्हर जाड झालं होतं.

पावसाळ्यात वेगळीच ड्युटी असायची. गंगेला पूर आला की नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं ते वहीत लिहायचं, तारीख आणि वेळ टाकून, आणि तेही होळकर पुलावरूनच बघायचं, खाली उतरायचं नाही. गुडघे, कंबर, छाती, अशा आमच्या नोंदी. १९६९ च्या महापुराच्या वेळी बाई नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या, त्या पुराचं सांगायला लागल्या की तासाची घंटासुद्धा ऐकू यायची नाही.

पण बाई म्हटलं की मला आधी आठवते ती पांडवलेणीची सहल. पायऱ्या चढून सगळ्यांना धाप लागलेली, सगळं लक्ष डब्याकडे, आणि बाईंनी वर पोचल्या पोचल्या जाहीर केलं की पांडवांचा ह्या लेण्यांशी काडीचा संबंध नाही. मग तीन नंबरच्या लेण्यात नेलं आणि व्हरांड्यातल्या भिंतीवरचा ब्राह्मी लेख दाखवला. गौतमीपुत्र सातकर्णी आम्हाला पुस्तकातून माहीत होता, क्षहरात घराण्याचा नायनाट करणारा, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो. बाई म्हणाल्या, हे सगळं कौतुक लिहून कुणी ठेवलं? कुणाला सांगता येईना. त्याच्या आईनं. गौतमी बलश्री. तेही नातवाच्या, म्हणजे पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, भिक्षूंना लेणं दान देताना, आणि त्यात स्वतःची ओळख काय दिलीय तर महाराजाची आई आणि महाराजाची आजी. त्या राजाबद्दल आपल्याला जे माहितीये त्यातलं बरंचसं ह्या एका म्हातारीमुळे. मुलगा आईची सेवा करणारा होता हेसुद्धा ती लिहायला विसरली नाही, हे सांगताना बाईंनी आमच्यातल्या दोन-तीन जणांकडे रोखून पाहिलं होतं.

२००३ मध्ये, सिंहस्थाच्या वर्षी, बाई रिटायर झाल्या आणि खरी गंमत तिथून सुरू झाली. लेक नाशिकरोडला प्रेसमध्ये, जावई फिरतीवर, तेव्हा वर्षाची नात बाईंकडेच वाढली. जुन्या नाशकातला वाडा सोडून त्या लेकीच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायला गेल्या. आम्ही दिवाळीत भेटायला जायचो. एकदा बघतो तर काय, नात पलंगावर पाय पसरून चकली खातेय आणि बाई खाली बसून तिच्या नकाशात रंग भरतायत! रेघेबाहेर गेलेला! मी म्हटलं बाई हे काय, तर म्हणे, "अगं लहान आहे ती, दमते." आम्ही काय दमत नव्हतो? त्या दिवशी घरी येऊन मी चार मैत्रिणींना फोन केले.

पुढे बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला, बाईंना घेतलं, आणि पन्नाशीकडे आलेली माणसं परत ऱ्हस्व-दीर्घ तपासून मेसेज टाकायला लागली. चुकलं की बाई तारांकन करून दुरुस्ती टाकणार. नातीचे फोटो मात्र दिवसाला तीन, आणि अंगठा नाही दिला तर विचारणा. २०१६ च्या ऑगस्टमध्ये दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला तेव्हा सगळे फोटोवर फोटो टाकत होते, बाईंचा एकच मेसेज, "किती वाजता कुठपर्यंत होतं, कुणी लिहिलंय का?" कुणी लिहिलं नव्हतं.

आणखी एक. नाशकातल्या त्या पिढीत प्रत्येकाकडे तात्यासाहेब शिरवाडकरांची एक तरी आठवण असते, दरवर्षी २७ फेब्रुवारीला ती थोडी वाढतेही. बाई सरळ सांगायच्या, "लांबून पाहिलंय, बोलणं कधी झालं नाही." मला हे फार आवडायचं.

गेल्या वर्षी बाई गेल्या. ऐंशीच्या आसपास होत्या. आम्ही भेटायला गेलो तेव्हा नातीशी बोलताना तो नकाशाचा विषय निघालाच, मी म्हटलं तुझे लाड झाले बाई, आम्ही मार खाल्ला. ती हसायलाच लागली. म्हणाली, "मावशी, तो एक नकाशा तुम्ही बघितलात. बातम्यांमध्ये गावाचं नाव आलं की ते अॅटलासमध्ये दाखवल्याशिवाय आजी चॅनल बदलू द्यायची नाही. तुम्हाला ती साडेदहा ते साडेपाच होती, मला चोवीस तास." ह्यावर आमच्यात अजून एकमत नाही. निम्मी बॅच म्हणते तिचं बरोबर आहे, मी दुसऱ्या निम्म्यात.

नातीला आता ग्रुपवर घेतलंय. तिचं शुद्धलेखन आमच्याहूनही वाईट आहे आणि तिला कुणी एका शब्दाने बोलत नाही.