काट्याचा कप्पा

दुपारच्या चहाला गाळणी काढायला गेले, तर ड्रॉवर चार बोटं उघडला आणि थांबला. आत काहीतरी उभं राहिलं होतं. पुढचं सांगायला नकोच. फटीतून बोटं घालायची, चाचपायचं, अडलेलं आडवं करायचं, आणि हे करताना एक डोळा चहाच्या पातेल्यावर. बहुतेक वेळा रवी असते. आज बटाटे कुस्करायचं निघालं. वडे असले की त्याची आठवण येते, एरवी ते फक्त अडायचं काम करतं.

“एक ट्रे आण की त्यात घालायला,” आत्या बाहेरच्या खोलीतून म्हणाल्या. सासूबाईंना ड्रॉवरचा आवाज बरोबर कळतो.

संध्याकाळी महाद्वार रोडला जायचंच होतं, शिरले एका दुकानात. “ताई, कुठल्याबी ड्रॉवरला बसतोय बघा.” हे वाक्य ऐकलं की मी पर्समधली टेप काढते. बाहेरून १८ इंच दिसणारा ड्रॉवर आत जेमतेम साडेचौदा भरतो. दोन्हीकडचा प्लाय १८ मिलिमीटरचा, मग ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या चॅनेलला प्रत्येक बाजूनं अर्धा इंच, मग ड्रॉवरच्या स्वतःच्या भिंती. राहिलं ते आपलं. उंचीही मोजावी लागते, ती कुणीच मोजत नाही.

साधा प्लॅस्टिकचा ट्रे १५०-२०० रुपयांत येतो. पांढरा पीव्हीसीचा असतो, तो कडेनं कापून मापात बसवता येतो; मला तो आवडतो, त्याला स्वतःचा असा काही हट्ट नसतो. बांबूचा, दोन्ही बाजूंनी सरकून रुंद होणारा, दिसायला देखणा आणि किमतीलाही तसाच. पण ओला चमचा तसाच टाकणाऱ्या घरात, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात, त्याला बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत. स्टीलचा दाखवताना दुकानदारानं लोहचुंबक लावून दाखवलं. चिकटत नाही, म्हणजे ३०४ च, चांगल्या प्रतीचं. आता २०२ या हलक्या प्रतीलाही चुंबक चिकटत नाही हे भर गर्दीत कुठं सांगत बसायचं. मिठाचे हात लागायला लागले की स्टील आपलं आपण सांगतं.

पण माझं भांडण मापाशी नाही, किमतीशीही नाही. हे ट्रे कुणाचे आहेत? तीन लांब कप्पे, एक आडवा. सुरी, काटा, चमचा, आणि छोटे चमचे. टेबल मांडून जेवणाऱ्या माणसाचा संसार त्यात चोख बसतो. आमच्याकडं काटे आहेत, लग्नात आलेले. मुलं मॅगीला घेतात, झालं. आणि ज्यांच्यावर घर चालतं ती मंडळी? आमटीची पळी मान वाकडी करून वर येते. झारा कप्प्याच्या दुप्पट रुंद. सांडशी तिरकी. सोऱ्या एकटा मावला तरी त्याच्या चकत्या, शेवेची बारीक, जाड, चकलीची चांदणी, या कुठं जायच्या? शेवटी काट्याच्या कप्प्यात करंजीचं कातणं जातं आणि काटे जातात माळ्यावर.

आजीच्या शुक्रवार पेठेतल्या घरात ड्रॉवर नव्हताच. स्वयंपाकघरात स्टीलची मांडणी होती, भिंतीला चार खिळ्यांवर. वर डबे उतरत्या उंचीनं, मधे ताटं उभी, खाली हुकांना कप, कडेला चमच्यांचा उभा डबा. पळ्या, उलथणी, झारे पट्टीला लटकलेले. मला दुपारी झोपायला सांगायचे. मी फरशीवर पडून ताटं वाचायची. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली नावं, वास्तुशांत, बारसं, तारीख, ‘यांजकडून सप्रेम भेट’. कोण कुणाचं, हे मला घरच्यांनी सांगितलं नाही, ताटांनी सांगितलं. एका तांब्यावर ‘कै.’ होतं आणि पुढं माझ्याच आडनावाचं कुणीतरी. आजीला विचारलं तर म्हणाली, “पाणी पिऊन झालं का? ठेव तिथं.” अजून कळलेलं नाही ते कोण. संध्याकाळी मांडणीवर भांडी लागायची, तो आवाज खालच्या दुकानापर्यंत जायचा.

आता आमचे ट्रॉलीवाले विचारतात, थाळी ट्रॉली किती, कप-बशी किती, प्लेन किती. नावं घातलेली ताटंही आमच्याकडं आहेत. पोटाशी पोट लावून आत उभी असतात, वाचायला कोण वाकतंय.

ट्रे मी आणला नाही. श्रीखंडाचे डबे, नरसोबाच्या वाडीहून आणलेल्या कवठाच्या बर्फीचे पुठ्ठ्याचे बॉक्स, एका मोबाइलचा खोका असं आत लावलंय. गोल डबे कोपरे वाया घालवतात, म्हणून चौकोनीच ठेवले. पुठ्ठा ओला झाला की बदलायचा, वाडीला जाणारं कुणीतरी असतंच. एका खोक्यात कुकरची जुनी गॅस्केटं आणि स्टोव्हची पिन आहे. घरात स्टोव्ह नाही. पिन टाकवत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा कुंभार गल्लीत माझ्या मामेबहिणीच्या घरात ओट्यावर पाणी होतं. पाणी उतरल्यावर आम्ही धुवायला गेलो, तर एकही ट्रॉली उघडेना. पार्टिकल बोर्ड फुगून दगड झालेला. दाजींनी पहार घातली. चिखलातून चमचे वेचून आम्ही बादलीत टाकत होतो, कुणी फारसं बोलत नव्हतं. गच्चीवर टाकलेली जुनी मांडणी खाली आली, घासली, भिंतीला लागली, आणि दिवाळीपर्यंत तिचा स्वयंपाक त्यावरच चालला. मग नव्या ट्रॉल्या आल्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, त्याही गेल्या. पुन्हा बसवल्या.

मांडणीचं मी विचारलं. म्हणाली, “आता टाइल्स हाईत गं, भोकं कोण पाडून घेतंय.”