पवन्या उगवला! सुप्याचा माळ, तिसरा पावसाळा

बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या माळावर चिंकाऱ्यासाठी (माळरानावरचं छोटं हरीण) पवन्या हे देशी गवत उगवायचा प्रयत्न करतोय. दोन पावसाळे शून्य. आणि परवाच्या रविवारी दिवेघाट, सासवड, जेजुरी, मोरगाव करत माळावर पोचलो तर बांधापासून दहा पावलांवर एक बीजगोळी (बी घालून वळलेली मातीची गोळी) फुटलेली आणि तिच्यातून दोन हिरवी पाती वर आलेली. कुसळी, म्हणजे माळावरचं दुसरं गवत, असेल म्हणून एक रोप अलगद उपटलं. मुळाशी पवन्याचं टरफल अजून चिकटलेलं होतं! मीटरभराची चौकट टाकून मोजली, अकरा रोपं. तिथंच बराच वेळ बसून राहिलो.

सोबत लावलेल्या मारवेल गवतानं कधी त्रास दिला नाही. ठोंब लावले, जगले. पवन्यानं मात्र जीव खाल्ला. पहिल्या वर्षी मी पावसाला दोष दिला, दुसऱ्या वर्षी मुरमाला. खरं कारण या जूनमध्ये दिसलं. मुंग्यांच्या बिळांभोवती भुशाचं कडं होतं आणि तो भुसा माझ्याच बियाण्याचा होता. फोकलेलं सगळं त्यांनी आत नेलं होतं.

म्हणून गोळ्या. पहिली खेप नुसत्या काळ्या मातीची केली, ती वाळून गोट्यांसारखी टणक झाली आणि दोन पावसांतही फुटली नाही. दुसऱ्या खेपेला काळी माती कमी केली, चाळलेलं शेणखत आणि थोडी वाळू घातली, सावलीत वाळवल्या. या फुटल्या. पुरायच्या नाहीत, दाताळ्यानं जमीन खरवडून वरच टाकायच्या. रोटाव्हेटर तर नकोच, माती उलटली की गाजरगवत उसळतं.

बियाण्याचंही सांगतो. मार्केट यार्डातल्या एका दुकानातून 'शुद्ध पवन्या' आणला होता. तळहातावर चोळून पाहिलं तर शंभरातल्या जेमतेम वीस बोंडांत दाणा, बाकी पोकळ, वर कुसळीची भेसळ. आता विकतचं बंद. गेल्या नोव्हेंबरात इथल्या मयूरेश्वर अभयारण्याबाहेरच्या बांधांवरून, मालकांना विचारून, स्वतः ओरबाडून आणलं आणि जूनपर्यंत कापडी पिशवीत ठेवलं. ताजं बी झोपलेलं असतं, ते लगेच पेरण्यात अर्थ नाही.

मका-ज्वारी टाका, हरणं लगेच येतील, असं दोघा-तिघांनी सुचवलं. मला ते पटत नाही. चिंकाऱ्याला दाण्याची चटक लागली की तो शेजारच्या पिकात शिरणार, आणि मागोमाग भटकी कुत्री. त्याला बोरीचा पाला, बाभळीच्या शेंगा, कोवळं गवत पुरतं. मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं आहे, म्हणून बाहेरचे असे माळ टिकायला हवेत.

उरलेल्या अर्ध्या एकरात टँकरच्या पाण्यावर लसूणघास करायचा बेत होता. पण लिहिता लिहिताच वाटतंय, तो सोडून द्यावा. त्यापेक्षा मारवेलचे पट्टे ऑगस्टअखेर, पाऊस हातात असतानाच कापावेत. सप्टेंबरात कोवळा फुटवा मिळेल. मधले पट्टे उभेच ठेवायचे, म्हणजे पाडसांना लपायला आडोसा राहील. पवन्याला मात्र यंदा विळा लावायचा नाही, बी गळू द्यायचं.

आणि हो, पश्चिमेच्या बांधाजवळ लेंड्यांचा ढीग सापडला, चिंकाऱ्याच्याच असाव्यात. एकाच जागी, जुन्यावर ताज्या. पुढच्या रविवारी ट्रॅप कॅमेरा (जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा) तिथं हलवतोय.