सगळेच करतात की

बुधवार, रात्री

चार दिवस वाचत असलेली ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ आज दुपारी संपली. विल्यम गोल्डिंग यांची १९५४ सालची ही कादंबरी आमच्या बेळगावात वाढलेल्या जी. ए. कुलकर्णींनी मराठीत आणली, एवढ्याच आपुलकीने मी ती हाती घेतली होती. निर्जन बेटावर अडकलेली मुले म्हणजे साहसकथा असणार, अशी माझी भाबडी समजूत होती.

त्यातल्या हत्यांपेक्षा एक लहानसा प्रसंग मनातून जात नाही. रॉजर नावाचा मुलगा किनाऱ्यावर खेळणाऱ्या छोट्या हेन्रीच्या दिशेने दगड फेकतो, पण नेम मुद्दाम चुकवतो, कारण त्या पोराभोवती आईवडील, शाळा, पोलीस आणि कायदा यांचे न दिसणारे रिंगण अजून शिल्लक असते. पुढे ते पुसले जाते आणि हाच रॉजर वरून शिळा लोटून पिगीचा जीव घेतो. गोल्डिंग स्वतः शाळामास्तर होते, हे वाचताना सारखे आठवत होते.

मुलाला वळण लावले म्हणजे मी आजवर काय केले, तर हे रिंगण आखले. मोठ्यांना उलट बोलू नये, दिवेलागणीला घरात असावे. मात्र मी समोर नसताना त्यातले किती उरते, हे कधी पाहिले नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या वर्गात गोकाककडचा, घरी कन्नड बोलणारा एक मुलगा आला. तो ‘माझी आई आला’ असे म्हणतो, आणि आमचे चिरंजीव त्याची हुबेहूब नक्कल करतात. ती पाहून जेवता जेवता मीही हसले होते, अगदी हातातली भाकरी ताटात ठेवून. पुण्यात माझ्या ‘काय की’वर सगळे हसले तेव्हा मला किती लागले होते, ते त्या वेळी आठवलेही नाही.

आज विचारले, “त्याच्यासमोरही करतोस काय रे?”

“सगळेच करतात की, आई.”

कादंबरीत सायमन नावाचा मुलगा सगळ्यांच्या हातून मारला जातो, तेव्हा शहाणा पिगीदेखील तो अपघात होता म्हणतो. या ‘सगळेच’मध्ये मला तेच ऐकू आले. रागवायला तोंड उघडले होते, पण त्याने रिंगणच तेवढे जाड झाले असते, म्हणून मी हसले ते माझे चुकले, इतकेच त्याला सांगितले. तो गोंधळून बघत राहिला.

संध्याकाळी तोच मुलगा फाटकाशी आला. “काकू, आहे काय तो?”

मी आत हाक मारली. चपला घालायला याने आज नेहमीपेक्षा पुष्कळ वेळ लावला.