डिटेक्टर बनवण्याआधी त्याचा वेग काढताना

एकेक फोटॉन मोजणाऱ्या अतिवाहक (थंडीत रोधाविना वीज वाहणाऱ्या) डिटेक्टरचं मॉडेल करायचं काम माझ्याकडे आलं. प्रश्न एकच होता: एक फोटॉन टिपल्यावर पुढच्यासाठी तो किती वेळात तयार होतो?

रचना थोडक्यात अशी. नायोबियम नायट्राइडचा जेमतेम ५ नॅनोमीटर जाड थर, त्यात कोरलेली १०० नॅनोमीटर रुंद नागमोडी तार, तापमान २.५ केल्विनच्या आसपास. फोटॉन पडला की तेवढ्या जागची अतिवाहकता मोडते, रोध किलोओहममध्ये जातो आणि तारेतून सतत सोडलेला करंट (बायस करंट) ५० ओहमच्या अॅम्प्लिफायरकडे वळतो. मॉस्कोच्या गोल्त्समन यांच्या गटानं २००१ मध्ये हे करून दाखवलं.

आधी नुसतं सर्किट मांडलं. १० बाय १० मायक्रोमीटरच्या जागेत तार निम्मी जागा व्यापते, म्हणजे लांबी ५०० मायक्रोमीटर, रुंदीइतक्या लांबीचे ५००० चौरस तुकडे. दर चौरसाला १०० पिकोहेन्री कायनेटिक इंडक्टन्स (करंट बदलायला तारेतल्या इलेक्ट्रॉनांच्या जडत्वाचा विरोध) धरला तर एकूण ५०० नॅनोहेन्री. त्याला ५० ओहमनं भागलं की १० नॅनोसेकंद; करंट तारेत परतण्याच्या वेगाचं हे माप, त्याला टाऊ म्हणू. तार थंड व्हायला याच्या कितीतरी कमी वेळ पुरतो, अडवतो तो इंडक्टन्स.

मग बाहेरचा रोध वाढवून वेग का मिळवू नये? इथे उष्णतेचं समीकरण सर्किटशी जोडावंच लागतं. तार निवायच्या आत करंट परतला तर गरम तुकडा स्वतःच्याच उष्णतेवर तगून राहतो. यालाच लॅचिंग म्हणतात. डिटेक्टर तिथेच अडकतो. ही सीमा कुठे येईल ते तारेतून खालच्या थरात उष्णता किती जाते यावर ठरतं. तो आकडा दुसऱ्यांच्या फिल्मचा उचलू नये असं माझं ठाम मत आहे. आपल्याच तारेच्या करंट-व्होल्टेज आलेखात गरम तुकडा कोणत्या करंटला तगतो ते पाहून तो काढता येतो.

मला सर्वांत मोलाचं वाटलं ते यापुढचं. करंट पूर्ण परतायची वाट पाहावीच लागते असं नाही. बायस करंटच्या ७० टक्क्यांनाच फोटॉन टिपण्याची कार्यक्षमता सपाटीला पोचत (पुढे वाढेनाशी होत) असेल तर १.२ टाऊ पुरतात. ९५ टक्के लागत असतील तर ३ टाऊ, म्हणजे आपल्या तारेला ३० नॅनोसेकंद. तार ७० नॅनोमीटरची केली आणि व्यापलेली जागा तेवढीच ठेवली, तर चौरस दुपटीवर जातात, टाऊ २० नॅनोसेकंदांवर. पण अरुंद तार सपाटी लवकर गाठते. ती ७० टक्क्यांवर आली तर डिटेक्टर २५ नॅनोसेकंदांच्या आत तयार! पुढच्या नमुन्यासाठी मी ७० नॅनोमीटरच मागितले आहेत.