आमची वाटचाल : बशीतले पोपडे

आमचं मूळ काम गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग. पुण्यात भाड्याचे दोन गाळे, एक कॉम्प्रेसर, मी आणि धाकटा भाऊ. आंघोळीचे जुने टब पुन्हा नव्यासारखे करण्याच्या धंद्यात ओढलं ते कॅम्पातल्या एका पारशी आजींनी. त्यांची जुनी फियाट आम्ही रंगवून दिली होती. गाडीभोवती दोन चकरा मारून त्या म्हणाल्या, "डिकरा, गाडी एवढी चकाचक केलीस, मग माझा टब का नाही?"

टब बिडाचा, पंजाच्या पायांचा, तळाला पिवळा पडलेला. म्हटलं, लोखंड ते लोखंड. घासला, प्रायमर मारला, गाडीचाच पांढरा रंग तीन हात मारला. असा चमकला की आम्हीच फोटो काढले. चार महिन्यांनी आजींचा फोन. गेलो तर त्यांनी निघालेले पोपडे चहाच्या बशीत गोळा करून ठेवलेले, नानकटाई ठेवावी तसे. एक शब्द बोलल्या नाहीत, बशी फक्त पुढे सरकवली. पैसे परत केले आणि तिथून खरी शिकवणी सुरू झाली.

चूक कुठे झाली ते कळायला वेळ लागला. बिडाच्या टबावर दिसतो तो रंग नसतो, काच असते. तिची पूड आठशे अंशांच्या आसपास तापवून बिडावर वितळवलेली असते. काचेला रंग धरत नाही. आधी ती ॲसिडने खरवडावी लागते किंवा वर सिलेनचा (काच आणि रंग यांना जोडून धरणाऱ्या रसायनाचा) पातळ हात द्यावा लागतो, तेव्हा कुठे रंगाला पकड मिळते. त्याच्याही आधी कडेचं सगळं सिलिकॉन ब्लेडने काढायचं. त्याचा अंश राहिला की तेवढ्या जागी रंग फाकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे दिसतात. नळ ठिबकत असेल तर रंगाची स्प्रे गन हातात घ्यायचीच नाही, आधी प्लंबर. आमचा एक टब म्हणजे अख्खा दिवस, त्यात गन चालते जेमतेम पाऊण तास. बाकी सगळी धुणी-घासणी.

दुसरा दणका पावसाने दिला. रंग कडक व्हावा म्हणून त्यात हार्डनर मिसळतात, त्यातल्या आयसोसायनेट या रसायनाची पाण्याशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रंगात बुडबुडे धरतात. हे आम्ही भर जुलैत महाबळेश्वरला जाऊन शिकलो. तिथे काम धरण्याची अक्कल माझीच.

आता तो प्रश्न, जो फोनवर रोज येतो : "टब रंगवायचं किट ऑनलाइन मिळतं, आम्ही घरीच केलं तर?" रुपयाएवढा टवका उडाला असेल तर खुशाल करा. कोरडा करा, पॉलिश पेपर मारा, दोन भाग कालवून लावायची इपॉक्सी भरा आणि डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ पाणी लागू देऊ नका. त्यासाठी आम्हाला बोलावलंत तर आमच्या येण्याजाण्याचेच पैसे जास्त होतील. अख्खा टब मात्र घरी नको. लॉकडाऊननंतर आमचं निम्मं काम घरच्या किटचे पोपडे काढण्याचं होतं, आणि मूळ कामापेक्षा ते महाग पडतं.

पण मला पोपड्यांची एवढी भीती नाही, वाफेची आहे. जुना रंग उतरवायला काही जण मिथिलीन क्लोराइडचा स्ट्रिपर ओततात. त्याची वाफ हवेपेक्षा जड, टबातच साचून राहते, आणि माणूस त्याच टबात डोकं घालून घासत असतो. अमेरिकेत 2000 ते 2011 या काळात टबाचं काम करणारे किमान 13 जण असे गेले. आम्ही स्ट्रिपर वापरत नाही, वेळ लागला तरी घासूनच काढतो. भावाला एकदा खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये नुसत्या थिनरनेच गरगरलं होतं. त्या आठवड्यात गाळ्याचं भाडं थकवलं, पण एक्झॉस्ट ब्लोअर आणि बाहेरून हवा देणारा मास्क आणला. तोंडाला रुमाल बांधून गन मारणारा पेंटर कमी पैशात मिळतो, त्याच्याशी आम्ही भावात स्पर्धा करत नाही.

काही कामं आम्ही सरळ नाकारतो. ॲक्रिलिकचा टब पायाखाली दबत असेल तर वरचा कोट तडकणारच. पण बिडाचा टब असेल तर मी स्वतः सांगतो, काढू नका. दीडशे किलोच्या आसपासचं धूड, काढताना टाइल्स फुटतात, वॉटरप्रूफिंग जातं आणि खालच्या मजल्यावरचे काका छताचा ओला डाग दाखवायला वर येतात.

हमी पाच वर्षांची देतो, अटी दोनच. एक, बाथरूमचं ॲसिड टबाला लावायचं नाही. दुसरी ऐकताना लोक ओशाळतात : टबात बादली ठेवायची नाही. आपल्याकडे घरात टब असला तरी बरेच जण त्यात उभं राहून बादली-तांब्यानेच आंघोळ करतात. बादलीच्या बुडाला लागलेली रेती कोटावर गोल गोल ओरखडे काढते. ते बघून भाऊ लांबूनच सांगतो, बादली किती लिटरची आहे.

आजींचा टब त्याच वर्षी दिवाळीनंतर, कोरड्या हवेत, फुकट करून दिला. त्या बघायला आल्या त्या हातात रिकामी बशी घेऊनच. टबाच्या काठावर ती ठेवली आणि म्हणाल्या, "राहू दे इथेच, लागली तर."