आमची वाटचाल: चुकलेल्या शेडच्या डब्यांपासून

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका गल्लीत आमचं रंगांचं दुकान आहे. नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ते १९७४ साली काढलं. २०११ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. यांची नोकरी मकरपुऱ्याला, त्यामुळे दुकानाचं काय ते ठरेपर्यंत गल्ल्यावर मी बसायचं, एवढंच घरात बोलणं झालं होतं.

तेव्हा मागच्या मांडणीवर २७ डबे पडून होते. सगळे चुकलेल्या शेडचे. रंगाच्या दुकानात हे होतंच. ट्यूबलाइटखाली कार्डावर आवडलेला रंग घरी उजेडात वेगळाच दिसतो, किंवा ठेकेदार नंबर चुकीचा सांगतो. मशीनवर एकदा रंग मिसळला की डबा कंपनी परत घेत नाही. नानांनी ते डबे टाकले नाहीत आणि कुणाला खपवलेही नाहीत.

एका दुपारी फाइन आर्ट्सची एक विद्यार्थिनी आली. "काकू, थोडासाच मिळेल का? एका ट्रंकेपुरता." भाड्याच्या खोलीत पत्र्याची ट्रंक टेबलासारखी वापरायची होती तिला. मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पावशेरभर ऑइल पेंट ओतून दिला आणि चाळीस रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी तिच्या तीन मैत्रिणी हजर. मग शेजारच्या चाळीतून विचारणा सुरू झाली, "बेन, थोडो कलर मळशे?" दोन महिन्यांत २७ पैकी १९ डबे संपले आणि मला कळलं की शहरात हजारो लोकांना घर सजवायचंय, फक्त त्यांना अख्खा डबा परवडत नाही आणि अख्ख्या डब्याचं त्यांना कामही नसतं. तेव्हापासून पाण्याचा रंग आम्ही प्लॅस्टिकच्या बाटलीतून देतो आणि तेलाचा काचेच्या बरणीतून, कारण टर्पेंटाइनने काही प्लॅस्टिक विरघळतं. बरणीवर कागद चिकटवून शेड, तारीख आणि "लाकूड-लोखंड" की "भिंत" हे लिहिलेलं असतं.

रंग खपू लागला तसे लोक तक्रारी घेऊन परतही येऊ लागले. कारेलीबागेतल्या एका वहिनींनी पॉलिश केलेल्या जुन्या खुर्चीवर थेट रंग मारला होता. नखाने ओरखडा काढला की साल निघावी तसा रंग निघत होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती खुर्ची मी नानांच्या खाटेजवळ नेली.

नानांचा उजवा हात गेला होता आणि बोलणं जड झालं होतं. त्यांनी डाव्या हाताने माझा तळवा धरला आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवला. मला म्हणाले, डोळे मीट. मग ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर माझ्या हातात दिला. लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच घासायचं, आडवं नाही. मग एकशेवीस, मग दोनशेवीस. प्रत्येक वेळी तळवा ठेवायचा. आधी काटेरी लागतं, मग खरखरीत, मग पीठ चोळल्यासारखं. तिथे थांबायचं, धूळ ओल्या फडक्याने पुसायची, पूर्ण वाळू द्यायचं, मग अस्तर, अस्तर वाळल्यावर हलका हात फिरवून रंगाचे दोन पातळ हात. एक जाड हात मारला की ओघळ येतात आणि वरून वाळलेला रंग आत ओलाच राहतो. त्या खुर्चीला मला तीन संध्याकाळी लागल्या, त्यातल्या दोन नुसत्या घासण्यात गेल्या. आजही कुणी विचारलं की खर्च कुठे वाचतो, तर मी हेच सांगते. रंगारी पैसे घेतो ते मुख्यतः या दोन संध्याकाळींचे.

२०१३ पासून दर रविवारी सकाळी दुकानाच्या मागच्या अंगणात आम्ही वर्ग घ्यायला लागलो. फक्त सहा जण. प्रत्येकाने आपलीच वस्तू आणायची, नवी विकत आणायची नाही. पाट येतात, देवघराची दारं येतात, आजीच्या माहेरचे पेटारे येतात. सयाजीराव महाराजांनी १८९० साली याच शहरात कलाभवन काढलं, आणि नानांचे वडील तिथे शिकले होते. हातात हत्यार दिल्याशिवाय शिकवायचं नाही ही सवय आमच्या घरात तिथूनच आली असं नाना म्हणत. ते २०१५ मध्ये गेले. शेवटपर्यंत रविवारी खुर्ची टाकून अंगणात बसायचे.

आता एक चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय ही हकिगत खरी होणार नाही. २०१४ मध्ये एका आजींनी संखेड्याचा पाळणा आणला. बडोद्यातल्या मराठी घरांत संखेड्याचा पाळणा किंवा झोपाळा हटकून सापडतो, मरून रंगावर सोनेरी वेलबुट्टी. गाव आमच्यापासून पंचेचाळीसेक किलोमीटरवर. पाळण्याचा एक पाय काळवंडला होता. मी दोनशेवीस नंबर घेतला आणि घासला. दहा मिनिटांत सोनं गेलं. खाली राखाडी डाग राहिले.

मी तो पाय घेऊन संखेड्याला गेले. तिथल्या कारागिरांनी मला काही न बोलता लेथवर एक गुटका लावून दाखवला. सोनेरी दिसतं ते सोनं नसतंच, ते कलईचं असतं. कलईचा वर्ख डिंकात खलून त्याची नक्षी काढतात, अकीकाच्या दगडाने घोटून चकाकी आणतात आणि वर लाखेचा पारदर्शक थर देतात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेनेच ती वितळते आणि पसरते. चंदेरी कलई त्या लाखेतून सोनेरी दिसते. मी घासली होती ती लाख आणि तिच्याबरोबर कलई. पाय त्यांनी नव्याने करून दिला. खर्च मी दिला आणि आजींची हात जोडून माफी मागितली. तेव्हापासून संखेड्याच्या वस्तूला आमच्याकडे पॉलिश पेपर लागत नाही. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, पाण्यापासून दूर ठेवा, आणि तुटलंफुटलं तर संखेड्यालाच न्या.

दुसरं नुकसान पैशाचं. २०१७ मध्ये मी एका घाऊक व्यापाऱ्याकडून भिंतीला चिकटवायचे डिझाइनचे रोल आणले. स्वस्त, झटपट, दिसायला छान. पहिल्याच पावसाळ्यात कडा सुटल्या आणि सोलून काढताना भिंतीचा रंग, कुठे कुठे खालची लांबी (पुट्टी) सुद्धा, बरोबर आली. व्यापाऱ्याने माल परत घेतला नाही. आम्ही ज्यांना विकले त्यांचे पैसे परत केले, एकूण बेचाळीस हजार गेले. घर सजवण्याच्या नावाखाली भिंत खराब करणारी वस्तू पुन्हा ठेवायची नाही, हे त्या वर्षी ठरलं.

ड्रिल भाड्याने देणं २०१८ मध्ये सुरू केलं. घरात वर्षातून तीन भोकं पाडायला कुणी ड्रिल का घ्यावं? देताना दोन गोष्टी सांगतो. स्विच बोर्डाच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायर तिथूनच गेलेली असते. आणि रावपुऱ्यातल्या जुन्या घरांत हॅमर बंद ठेवा. त्या भिंती विटा आणि चुन्याच्या. धक्क्याने भोक मोठं होतं, प्लग आत फिरत राहतो. तिथे सुतार करतात तसा लाकडी गुटका ठोकून त्यात स्क्रू घ्यावा.

लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं, फोनवर शिकवणं चालू होतं. त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं नाही.

ऑगस्ट २०२४ बद्दल मात्र आहे. विश्वामित्री पात्राबाहेर आली आणि समा, अकोटा, मुजमहुडा भागांत घराघरांत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर समा भागातलं एक जोडपं दुकानात आलं. गणपती ७ सप्टेंबरला होता, हातात नऊ दिवस. घरात कमरेपर्यंत भिंती काळ्या पडलेल्या. म्हणाले, "ताई, काहीही द्या, पण बाप्पा यायच्या आत भिंत चांगली दिसू दे."

मी रंग दिला नाही. त्यांना राग आला. मी एक प्लॅस्टिकचा दीड फुटी तुकडा दिला आणि सांगितलं, हा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीला चिकटवा, उद्या सकाळी बघा. सकाळी त्यांचा फोन आला, आतून थेंबच थेंब. भिंत पाणी पिऊन बसली होती. त्यावर प्लॅस्टिक पेंट मारला असता तर ते पाणी आतच अडकलं असतं, दिवाळीपर्यंत पोपडे सुटले असते आणि खालून लोणा, म्हणजे पांढरा क्षार, फुटला असता.

मग त्यांनी काय केलं ते सांगते. चिखल खरवडून भिंत धुतली, सगळ्या खिडक्या उघड्या ठेवल्या, पंखे लावले. गणपतीसाठी बांबूची चौकट उभी केली, भिंतीपासून हातभर पुढे, म्हणजे मागून वारा खेळेल. तिच्यावर वहिनींच्या लग्नातली नारायणपेठ चुण्या घालून टांगली, पुराच्या वेळी ती माळ्यावर असल्यामुळे वाचली होती. बाजूला झेंडूच्या माळा. मखराचा खर्च बांबू आणि सुतळीचा. मी दर्शनाला गेले होते, मागची भिंत कुणाच्या लक्षातही येत नव्हती.

भिंत पूर्ण वाळायला जानेवारी उजाडला. प्लॅस्टिकचा तुकडा तीनदा लावून बघितला, तिसऱ्यांदा कोरडा निघाला. मग त्यांनी अस्तर आणि एकच लिटर रंग नेला, कारण समोरची दहा बाय दहाची एक भिंतच गडद करायची होती, आणि शंभर चौरस फुटांना दोन हात द्यायला साधारण तेवढाच लागतो. बाकीच्या तिन्ही भिंतींना चुना. रात्रभर भिजवलेला, फडक्यातून गाळलेला, डिंक घातलेला, चिमूटभर नीळ. कालवताना डोळ्यांवर चष्मा घाला एवढं मी बजावलं होतं, चुना डोळ्यांत गेला तर फार वाईट.

सध्या रविवारचा वर्ग सकाळी साडेआठला सुरू होतो. हे निवृत्त झाल्यापासून ड्रिलचं सगळं तेच बघतात. येणाऱ्यांनी वस्तू आदल्या दिवशी पुसून आणावी, बिजागऱ्या आणि कड्या काढून एका डब्यात ठेवाव्यात, आणि दोन तास घासायची तयारी ठेवावी. रंगाची बरणी आमच्याकडे मिळेल. या आठवड्यात मांडणीवर शेवाळी, विटकरी आणि एक फार सुंदर मोरपिशी आहे, जो कुणा ठेकेदाराने चुकून सांगितला.